चौथ्या फेरीत पेडल खाली गेलं: एका जुन्या एमएक्स-५ची ट्रॅकसाठी तयारी

इंग्लंडमधल्या डोनिंग्टन पार्क सर्किटवर स्टार्कीज स्ट्रेट नावाचा लांब सरळ पट्टा आहे. तो संपतो तिथे शिकेन आहे, म्हणजे एकापाठोपाठ एक दोन उलटसुलट वळणं. एप्रिलमधल्या एका कोरड्या, गार सकाळी, चौथ्या जोरकस फेरीत मी तिथे ब्रेक दाबला आणि पेडल काहीही अडथळा न होता तळापर्यंत गेलं. आधीच्या तीन फेऱ्यांत जिथे दाबला होता, अगदी तिथेच दाबला होता. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. पाय उचलून पुन्हा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा कुठे पेडलमध्ये थोडा जीव आला. तोवर वळण घ्यायची वेळ निघून गेली होती. स्टिअरिंग सरळ ठेवलं, गिअर उतरवत गाडी बाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊ दिली आणि ती थांबली.

शेजारी माझा मामेभाऊ बसला होता. बर्मिंगहॅमला असतो, गाड्यांचं वेड दोघांनाही सारखंच. तो एवढंच म्हणाला, "दादा, पेडल गेलं ना?" मी मान हलवली. सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत आलो, गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद केलं आणि अर्धा तास दोघंही गाडीपासून लांब उभे राहिलो. पुढच्या चाकांजवळ जळक्या वासाचा लोट होता. अर्ध्या तासाने पेडल दाबून पाहिलं तर ते जवळजवळ पहिल्यासारखं घट्ट! पण उरलेल्या दिवसात आम्ही एकही फेरी मारली नाही. पैसे भरलेले होते, हवा छान होती, तरी नाही.

त्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत या गाडीवर काय काम केलं, कोणत्या क्रमाने केलं आणि का, ते इथे सविस्तर लिहितो.

गाडी म्हणजे २००२ ची माझ्दा एमएक्स-५, १.८ लिटर, पाच गिअरची, इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी, कापडी छताची. कागदावर १४६ अश्वशक्ती, वजन एक टन आणि वर थोडं. १९८९ पासून माझ्दा ही छोटी दोन आसनी गाडी बनवते आहे आणि इंग्लंडमध्ये ट्रॅक डेला जा, पार्किंगमध्ये पाच-सहा तरी दिसतातच. हलकी, साधी, सुटे भाग स्वस्त आणि मुबलक. मी ती २,८०० पाउंडांना घेतली होती. लेस्टरच्या घरासमोर उभी असते आणि उन्हाळ्यात ऑफिसलाही तीच नेतो. ट्रॅकसाठी वेगळी गाडी आणि ती ओढायला ट्रेलर ही चैन मला परवडणारी नाही. म्हणून एक अट पहिल्यापासून पक्की होती: सकाळी हीच गाडी चालवत सर्किटवर जायचं आणि संध्याकाळी तीच चालवत घरी यायचं. पुढचे सगळे निर्णय या अटीने ठरले.

ट्रॅक डे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही शर्यत नव्हे. वेळ मोजायला मनाई असते. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या बाजूने आणि पुढच्याने वाट दिली तरच. सकाळी सूचनांची बैठक, मग ओळखीच्या दोन-तीन सावकाश फेऱ्या, मग हेल्मेट घालून हवं तेव्हा आत, हवं तेव्हा बाहेर. डोनिंग्टनचा छोटा मार्ग तीन किलोमीटरहून थोडा मोठा. रेडगेटच्या उजव्या वळणानंतर रस्ता क्रेनर कर्व्हजमधून घसरत उतरतो. १९९३ च्या एप्रिलमध्ये भर पावसात फॉर्म्युला वन शर्यतीत आयर्टन सेना पहिल्या फेरीत पाचव्यावरून पहिला आला ते हेच सर्किट, आणि त्यातला एक ओव्हरटेक याच उतारावरचा. पहिल्यांदा तिथून गाडी उतरवताना माझ्या अंगावर काटा आला होता.

एप्रिलच्या आधी माझ्या डोक्यात यादी तयार होती: उंची बदलता येणारं सस्पेन्शन, मोकळा सायलेन्सर, वेगळा एअर फिल्टर. बजेट १,९०० पाउंड. तयारी म्हणजे गाडी अधिक वेगवान करणं, असं मी मानून चाललो होतो. त्या ट्रॅक डेआधी मी इंजिन ऑइल बदललं, टायरमधली हवा पाहिली, डिकी रिकामी केली आणि निघालो. ब्रेकचे पॅड जाडीला भरपूर होते, म्हणून ब्रेक ठीक आहेत असं धरलं.

आता जरा हिशोब करू. माणसं आणि पेट्रोल धरून ११५० किलोची गाडी ताशी १६० वरून ८० वर आणायची, तर तिची साधारण साडेआठ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गार नळाचं अडीच लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही झाली. फक्त ही उष्णता काही सेकंदांत, मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये, म्हणजे पॅड ज्यांना चिमटतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्यांमध्ये, ओतली जाते. रस्त्यावर असा ब्रेक आपण वर्षातून एखाद वेळा मारतो आणि मग डिस्कला थंड व्हायला दहा मिनिटं मिळतात. डोनिंग्टनला दीड मिनिटाच्या आत पुन्हा तेच वळण समोर येतं, आणि मध्ये रेडगेट, ओल्ड हेअरपिन, मॅक्लीन्स या वळणांचे ब्रेक वेगळेच. इंजिनला ट्रॅकवर जास्त काम पडतं हे खरं, पण रस्त्यावरच्या गाडीला अगदी अनोळखी असं जे काम तिथे करावं लागतं, ते ब्रेकचं.

बिघाड नेमका कुठे आहे ते पेडलच सांगतं, आणि ही खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. पॅड तापून निकामी झाले तर पेडल दगडासारखं कडक राहतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल, म्हणजे पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, उकळलं तर पेडल मऊ पडतं आणि खाली जातं. कारण द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यात जातो. गार झालं की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल परत येतं, जसं आमचं अर्ध्या तासाने आलं. ते परत आलेलं पेडल फसवं असतं. त्यावर विश्वास ठेवून पुन्हा ट्रॅकवर गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

ब्रेक ऑइलचा स्वभाव असा की ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या, कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. माझ्या गाडीतलं ऑइल मी बाटलीत काढलं तेव्हा ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. आधीच्या मालकाच्या सर्व्हिस पुस्तकात एका गॅरेजचा 'ब्रेक ऑइल बदललं' असा शिक्का होता. शिक्क्यावर विसंबून मी बाटली उघडून पाहिली नव्हती.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं, तर ऑइल बदलून मे महिन्यात आम्ही परत गेलो असतो. पण मामेभाऊ शनिवारी आला आणि म्हणाला, "दादा, चारही चाकं काढू. पुढे इतकी उष्णता का झाली ते कळायला हवं." त्याचं ऐकलं ते बरं झालं.

मागचं डावं चाक काढल्यावर उत्तर समोर होतं. डिस्कची आतली बाजू गुळगुळीत आणि चकचकीत, बाहेरची बाजू गंजलेली, तांबूस. आतला पॅड जवळजवळ संपलेला, बाहेरचा नव्यासारखा. या गाडीचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, तेव्हाच दोन्ही पॅड डिस्कला सारखे चिमटतात. खालची पिन गंजून जाम झाली होती, इतकी की शेवटी तिला गॅसने तापवून काढावी लागली. या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये मागच्या कॅलिपरच्या पिना जाम होणं हा ओळखीचा रोग आहे, त्यातून इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. उजवीकडची पिन हलत होती, पण कुरकुरत. म्हणजे मागचे ब्रेक अर्ध्याच ताकदीने चालत होते आणि त्यांचं काम पुढच्यांच्या गळ्यात पडत होतं. पुढचे पॅड काचेसारखे चकाकत होते, कडांना पांढुरके पडलेले. ऑइल जुनं, मागचे ब्रेक अर्धमेले, पॅड शहरी वापराचे. तिन्ही गोष्टी आधीपासून होत्या. रस्त्यावर त्यातली एकही जाणवत नव्हती.

आणि गाडी वर्षाची सक्तीची एमओटी तपासणी पास झालेली होती, हेही सांगायला हवं. त्यात रोलरवर ब्रेक तपासतात, पण काही सेकंद आणि थंड स्थितीत. ती चाचणी गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ते बघते. लागोपाठ वीस वेळा तेच काम ती करू शकेल का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

मागचे दोन्ही कॅलिपर दुरुस्त करून आणलेले बसवले, चारही डिस्क नव्या टाकल्या, रबरी नळ्यांच्या जागी स्टीलच्या जाळीच्या नळ्या लावल्या. पॅड निवडताना आमचा वाद झाला. मामेभावाचं म्हणणं, घ्यायचेच तर अस्सल शर्यतीचे घेऊ. पण तसे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी सात वाजता घरासमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर पहिला ब्रेक लागतो तेव्हा पॅड गारच असणार. म्हणून थंडीतही धरणारे आणि उष्णता शहरी पॅडपेक्षा बरीच जास्त सोसणारे मधल्या प्रतीचे पॅड घेतले. ते थोडे किंचाळतात, चाकं काळी करतात. चालेल.

ऑइल मात्र शर्यतीच्या प्रतीचं घेतलं, कोरड्या उत्कलनबिंदूला ३०० अंशांच्या वरचं. असं ऑइल ओलही लवकर धरतं, म्हणून ते दरवर्षी बदलायचं, आणि ट्रॅक डेच्या आधी प्रत्येक कॅलिपरमधून थोडं काढून टाकायचं. एक सावधानता: डॉट ५ नावाचं जे सिलिकॉनचं ऑइल मिळतं ते डॉट ५.१ पेक्षा पूर्ण वेगळं. नावाच्या सारखेपणाला फसून ते यात मिसळू नये.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं काम दोघांचं. गाडी उजव्या स्टिअरिंगची, पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडरही उजवीकडे. म्हणून सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. मी चाकाशी पाना धरून, मामेभाऊ पेडलवर.

"दाब."

"दाबलं, दादा."

"धर. सोडू नकोस."

मी निपल, म्हणजे कॅलिपरवरची हवा काढायची छोटी झडप, सैल करायचो, पारदर्शक नळीतून काळपट ऑइल आणि बुडबुडे यायचे, निपल आवळायचं.

"सोड."

निपल उघडं असताना त्याने पाय उचलला तर हवा परत आत जाणार, म्हणून हे तीन शब्द चुकता कामा नयेत. दीड तासाने चारही चाकांतून सोनेरी, स्वच्छ ऑइल यायला लागलं. पेडल एवढं वर आणि एवढं घट्ट मी या गाडीत कधीच अनुभवलं नव्हतं. सगळ्या ब्रेककामाचा खर्च ५३० पाउंड.

पुण्यातल्या एका मित्राला हे फोनवर सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला, "आपल्याकडे पावसाळ्यानंतर काय होत असेल?" प्रश्न अगदी बरोबर आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ऑइल ओल लवकरच धरणार. पुण्या-मुंबईची मंडळी कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या ३.७ किलोमीटरच्या सर्किटवर जातात, ती हजार किलोमीटरहून जास्त गाडी चालवत, आणि तिथे हवेचं तापमान सहज ३५ अंश. मी त्याला सांगितलं, बाकी काही केलं नाहीस तरी चालेल, निघण्याच्या आठवड्यात ब्रेक ऑइल बदल. बाटली रिक्षाभाड्याएवढ्या किमतीची असते.

गाडी जॅकवर होतीच, म्हणून मी खाली सरपटलो. आणि तिथे या प्रकरणातली सगळ्यात महाग गोष्ट सापडली. या पिढीच्या एमएक्स-५ ला पुढच्या बाजूला चेसिसचे दोन लांब दांडे आहेत, आत दुहेरी पत्र्याचे. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. उजवीकडे खणखणीत आवाज. डावीकडे एका जागी मातीच्या मडक्यासारखा बद्द. टोक जरा दाबलं तर आरपार गेलं.

पुढच्या सस्पेन्शनचा सगळा भार ज्यावर टेकतो, त्या भागात हे भोक होतं. मी तसल्या दांड्यावर ताशी १६० ने गाडी नेली होती, मामेभावाला शेजारी बसवून. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

वेल्डिंग करणाऱ्याने कुजका भाग पूर्ण कापून नवा पत्रा घातला, आतून मेणाचं गंजरोधक मारलं. खर्च ६५० पाउंड. नव्या सस्पेन्शनचे पैसे इथे गेले. कोणी मला विचारलं की जुनी स्पोर्ट्स कार ट्रॅकवर न्यायची आहे, सुरुवात कुठून करू, तर मी सांगेन: हातोडीने. गंजक्या दांड्यावर महागडं सस्पेन्शन बसवणं म्हणजे वाळवी लागलेल्या खांबावर संगमरवर चढवणं.

तिसरा शोध इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा त्या दिवशी मध्यावर स्थिर होता. पण हा काटा मध्यावर असणं हे आश्वासन नव्हे. कारखान्याने तो असा बनवला आहे की बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो हलतच नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. या गाडीचा ऑइल दाबाचा काटाही तसाच, आत साधा स्विच. दाब आहे किंवा नाही, एवढंच तो जाणतो. नशिबाने २००२ च्या गाडीला निदानाचं सॉकेट आहे. त्यात छोटं उपकरण लावून फोनवर खरं तापमान पाहिलं. रस्त्यावर ८८ अंश. त्याचा ट्रॅकवरचा आकडा जुलैपर्यंत कळणार नव्हता, पण रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जुनी होऊन तपकिरी पडली होती आणि ती या अवस्थेत कधीही तडकते, म्हणून रेडिएटर आणि पाण्याच्या नळ्या बदलल्या.

जुलैमध्ये पुन्हा डोनिंग्टन. निघताना बाकीची तयारीही झाली होती.

छत उघडं असो वा बंद, ही गाडी उलटली तर डोक्यावर कापडच. एप्रिलमध्ये छत बंद ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला होता. आता सीटमागे पोलादी रोल बार बसवला, ४२० पाउंडांचा. बारच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत लांब काठी आडवी धरायची आणि हेल्मेटसकट डोकं त्या रेषेच्या खाली राहिलं पाहिजे. माझं राहीना. मग सीटच्या आतला फोम थोडा कापून मी तीन सेंटिमीटर खाली बसलो. चार किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस घ्यायचा मोह झाला होता. पण तो नीट लावायला त्याच्या जोगती सीट आणि खांद्याच्या पट्ट्यांचा योग्य कोन लागतो. नाहीतर अपघातात तो नवं संकट होतो. कारखान्याचा तीन बिंदूंचा पट्टाच ठेवला. विमा कंपनीला रोल बारचं कळवलं. नेहमीचा विमा ट्रॅकवर लागू होत नाही, म्हणून त्या एका दिवसाचा वेगळा विमा घेतला.

चाकांच्या अलाइनमेंटचं थोडक्यात: कोन बदलण्याचे बोल्ट बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळकांड्यांमध्ये, गंजून बसले होते, कापून काढले. नवे बोल्ट, नवे बुश आणि अलाइनमेंट मिळून ३३० पाउंड. गाडीची उंची मूळचीच ठेवून पुढच्या चाकांना दीड अंशाच्या आसपास आतला कल मिळाला, पुढचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, शून्य, मागे किंचित आत. जुने टायर वरून चांगले दिसत होते, पण कडेवरच्या चार आकड्यांवरून, म्हणजे आठवडा आणि वर्ष यावरून, नऊ वर्षांचे निघाले. रबर टणक झालं होतं. १९५/५० आर १५ मापाचे नवे टायर घेतले, साधे, चांगल्या प्रतीचे रस्त्याचे. रस्ता आणि शर्यत यांच्या मधल्या प्रतीचे टायर घ्यावेत असं अनेकांनी सुचवलं. मी घेतले नाहीत. जास्त पकड म्हणजे ब्रेकवर, बेअरिंगवर, ऑइलवर जास्त भार. शिवाय साधा टायर घसरण्याआधी ओरडून सांगतो आणि हळू सुटतो. मी ट्रॅकवर अजून शिकतो आहे, मला ते ओरडणं ऐकायचं आहे.

मूळ सायलेन्सरचं महत्त्व मला सर्किटच्या दारातच कळलं. डोनिंग्टनच्या आसपास गावं आहेत, स्थिर गाडीच्या आवाजाची मर्यादा ९८ डेसिबल. इंजिन कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर नेऊन मागे मीटर धरतात. आमची गाडी सहज पास झाली. पुढच्या रांगेतला एक जण मोठ्या हौसेने बसवलेल्या मोकळ्या सायलेन्सरमुळे अडला आणि नळीत काहीतरी कोंबून आवाज कमी करायच्या खटपटीत त्याची सकाळ गेली.

पहिलं सत्र आम्ही दहा मिनिटांचं ठेवलं. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, डिस्कवर वारा जाऊ देत. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेले पॅड एकाच जागी डिस्कला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवली. टॉर्क पान्याने चाकांचे नट पुन्हा तपासले, ११० न्यूटन मीटरला. दोन नट थोडे फिरले. नव्या डिस्क आणि पहिली उष्णता म्हटल्यावर हे होतंच, म्हणून पहिल्या सत्रानंतरची ही तपासणी कधी चुकवू नये. टायरमध्ये सकाळी २६ पीएसआय हवा होती, ती गरम होऊन ३२ झाली होती. चारही चाकांत २९ वर आणली. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारली होती. ती किती पुसली जाते यावरून कड किती टेकते ते कळतं.

पेडल घट्ट. स्टार्कीजच्या टोकाला प्रत्येक फेरीत त्याच जागी, त्याच उंचीवर. दुसऱ्या सत्रात मात्र मामेभाऊ फोनकडे बघून म्हणाला, "दादा, १०४." डॅशबोर्डवरचा काटा तेव्हा बरोबर मध्यावर होता. पुढच्या फेरीत १०६. मी बाहेर आलो.

नवा रेडिएटर असून असं का? जेवणाच्या सुट्टीत खाली वाकून पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एमएक्स-५ शी ताडून पाहिलं. तिच्या नाकाखाली प्लास्टिकचं मोठं आवरण होतं, आमच्या गाडीला ते नव्हतंच. आधीच्या कुणीतरी ऑइल बदलताना काढलं असेल आणि परत लावलं नसेल. दिसायला ते चिखल अडवण्याचं झाकण वाटतं. पण नाकातून आत आलेली हवा रेडिएटरमधून जावी, खालून निसटू नये, हे त्याचं खरं काम. हवा नेहमी सोपी वाट धरते. आवरण नसेल तर ती रेडिएटरला वळसा घालून खालून निघून जाते. उरलेला दिवस आम्ही सात-सात मिनिटांची सत्रं केली आणि १०० ला आकडा आला की बाहेर.

घरी निघताना टायरमध्ये हवा परत भरली. गरम टायरमधून काढलेली हवा थंड झाल्यावर कमी पडते आणि हे विसरून मोटरवेवर जाणं धोक्याचं आहे.

भंगारात निघालेल्या एका गाडीचं आवरण स्वस्तात मिळालं. रेडिएटरच्या कडांच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. रेडिएटर, नळ्या, आवरण, फोम मिळून पाण्याचा सगळा खर्च २१० पाउंड. ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पंधरा मिनिटांच्या सत्रात आकडा ९६ च्या वर गेला नाही. ऑक्टोबरची हवा जुलैपेक्षा गार, त्यामुळे सगळं श्रेय आवरणाला देत नाही. पण दहा अंशांचा फरक नुसत्या हवेचा नाही.

चार टायर ३२० पाउंडांचे धरून एकूण बेरीज २,४६० पाउंड झाली, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा थोडीच कमी. यातला एकही पाउंड इंजिनची ताकद वाढवायला गेला नाही. एप्रिलच्या यादीतलं काहीही मी घेतलं नाही. तरी ऑक्टोबरमध्ये गाडी वेगळीच भासत होती. ब्रेकवर भरवसा बसला की नजर वर येते. एप्रिलमध्ये मी बॉनेटपुढचा रस्ता बघत होतो, ऑक्टोबरमध्ये कॉपिस वळणाच्या, पलीकडचं न दिसणाऱ्या चढावाआधीच पुढचं वळण कुठे उघडेल ते शोधत होतो. एका सत्रात सर्किटचे प्रशिक्षक शेजारी बसले. त्यांनी फक्त एक गोष्ट सांगितली: ब्रेक एकदम सोडू नका, वळणात शिरताना हळूहळू सोडा. त्या एका सत्रात जेवढी गाडी सुधारली, तेवढी कुठल्याही सुट्या भागाने सुधारली नसती. आधीच्या पेडलवर हे शिकताच आलं नसतं. जे पेडल दर वेळी वेगळ्या उंचीवर सापडतं ते हळूहळू सोडणार कसं?

शेवटच्या सत्रात मी शेजारी बसलो आणि मामेभावाने गाडी चालवली. क्रेनर कर्व्हजच्या उतारावर तो पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटलवर गेला तेव्हा एक शब्द बोलला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी चाकं काढून मोजमाप घेतलं. पुढचे पॅड ७ मिलिमीटर शिल्लक, मागचे ९, आतला आणि बाहेरचा सारखेच झिजलेले. पिना बोटाने सरकतात. डावीकडच्या पुढच्या चाकाला, वर-खाली धरून हलवलं तर, अगदी बारीकशी खडखड आहे. बेअरिंग. या गाडीत ते, चाक ज्यावर बसतं त्या हबसकट बदलावं लागतं. नवं हब मागवलं आहे, मामेभाऊ डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी येतो आहे.